'तू फक्त अभ्यास कर'

घरात कुणाचं दहावीचं वर्ष लागलं की घराचं रूपच पालटतं. वायफायचा पासवर्ड बदलतो. मामाच्या लग्नाला घरातलं एकच माणूस जाऊन येतं. पाहुणे आले तर हळू आवाजात बोलतात, जणू आतल्या खोलीत कोणी आजारी आहे. आणि या सगळ्याबरोबर एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं: "तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो."

वाक्य प्रेमाचं आहे, याबद्दल वाद नाही. पण मी चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवला, निम्मी वर्षं कर्जत तालुक्यात आणि उरलेली खालापुरात. या काळात इतकं गोड आणि इतकं घातक वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. का, ते सांगतो.

पंधरा वर्षांचं मूल एरवी किती प्रकारांनी 'कोणीतरी' असतं बघा. गल्लीच्या क्रिकेटमध्ये तो बरा यष्टिरक्षक असतो. आजीला बँकेचा मेसेज वाचून दाखवणारा तोच. गणपतीच्या आरतीत झांज त्याच्याच हातात. एखादी मुलगी घरचा भात लावते आणि धाकट्या भावाला शाळेत सोडते. दहावी आली की आपण यातलं एकेक काढून घेतो आणि मुलाला एकाच तराजूत बसवतो. मग चाचणीत बारा गुण पडले की ते गुण त्या पेपरला पडलेले नसतात, त्या मुलाला पडलेले असतात. दुसरं काही उरलेलंच नसतं ना, ज्यात तो पास आहे!

मला दोन मुलं आठवतात. नावं सांगत नाही. एक कडावकडच्या शेतकऱ्याचा. जुलैत आवणी सुरू झाली की हा आठ-दहा दिवस गायब. बाप स्वतः येऊन सांगायचा, "सर, आवणीला माणूस मिळत नाय, पोराला आठ दिस सोडा." परत यायचा तेव्हा नखांत चिखल आणि वह्या कोऱ्या. गुण बेताचेच, पन्नास-साठच्या घरात. पण परीक्षेच्या दालनाबाहेर मी त्याला कधी घाबरलेला पाहिला नाही. दुसरा स्टेशनजवळचा, नोकरदार घरातला, हुशार. याला घरात पाण्याचा पेलासुद्धा हातात मिळायचा. पूर्वपरीक्षेत बीजगणिताच्या पेपरच्या आधी त्याला उलटी झाली. मी त्याला विचारलं, "काय रे, अभ्यास झाला नाही का?" तर म्हणाला, "सर, सगळा झालाय. पण चुकलं तर?" या 'तर'च्या पुढे त्याच्याकडे काहीच नव्हतं.

आता कोणी म्हणेल, सरांना शेतातली गरिबी गोड वाटते. तसं मुळीच नाही. त्याकडे येतोच. पण आधी ताणाबद्दल थोडं बोलतो, कारण "आमच्या वेळी नव्हतं बुवा असलं काही" हे माझ्या वयाच्या लोकांचं पालुपद मला पटत नाही. ताण आमच्याही वेळी होता. आम्ही अकरावीला एसएससी दिली (दहावीला बोर्ड आलं ते १९७५ साली). तेव्हा भीती होती ती नापास होण्याची. पस्तीसचा आकडा आम्हाला देवासारखा होता. घरोघरी एखादा नापास झालेला काका असायचा आणि तो पुढे दुकान चालवून सुखाने जगायचा, त्यामुळे भीतीलाही एक तळ होता.

आज नापास होण्याची भीती जवळजवळ संपली आहे. २०२५ साली राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. मध्ये २०१९ साली भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेकडचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, तेव्हा निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. केवढी ओरड झाली! पुढच्या वर्षी गुण परत दिले आणि निकाल ९५.३० वर गेला. २०२१ ला करोनामुळे परीक्षाच झाली नाही, निकाल लागला ९९.९५. म्हणजे पास होणं आता विशेष राहिलं नाही. भीती सरकून टक्क्यांवर गेली आहे आणि टक्क्यांना तळ नाही. ९१ पडले म्हणून रडणारी मुलगी मी पाहिली आहे. तिच्या मैत्रिणीला ९३ होते, एवढंच कारण. गुणांचा असा पूर आला की दोन गुणांच्या फरकाने चांगल्या महाविद्यालयाचं दार बंद होतं. त्यात २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हा 'आपल्या गावचं कॉलेज आहेच' हा दिलासाही थोडा पातळ झाला.

आकडे गंभीर आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात तेरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांत सर्वात वर नाव महाराष्ट्राचं आहे. यांतल्या सगळ्या परीक्षेमुळे होत नाहीत, हे मलाही कळतं. तरी हे वाचून गप्प बसवत नाही. ज्या घरात मूल जेवेनासं, झोपेनासं झालं आहे, मित्रांशी बोलेनासं झालं आहे, तिथे उपदेश बंद करून आधी ऐकून घ्यावं. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, १४४१६ हा नंबर, फोन करायला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. बोर्डही परीक्षेच्या दिवसांत समुपदेशकांचे नंबर देतं. शाळेच्या फलकावर सुविचाराच्या खाली हे नंबर कायमचे रंगवून टाकायला काय हरकत आहे?

असो. जबाबदारीकडे परत येतो.

ज्या मुलांना जबाबदारी नाही त्यांच्याबद्दल बोललो. आमच्या तालुक्यांत दुसरं टोकही आहे आणि ते शहरातल्या लेखांत येत नाही. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. सातवी-आठवीतला मुलगा बरोबर जातो, कारण घरी कोणाकडे ठेवणार? जूनमध्ये वर्गात परत आलाच तर मागचं निम्मं वर्ष कोरं. त्याला 'वेळेचं नियोजन' शिकवायला जाणं म्हणजे थट्टा आहे. खांडस-कशेळे पट्ट्यातल्या वाड्यांवर मुली शाळेत येण्याआधी हंडे भरून येतात. एप्रिल-मे मध्ये तर विहिरीत वाटी-वाटी पाणी साठायची वाट बघत बसतात. आता कर्जतला फार्महाऊस आणि रिसॉर्टं उदंड झालीत. तिथे शनिवार-रविवारी नववी-दहावीची मुलं ताटं उचलायला जातात. कायदा (२०१६ ची दुरुस्ती धरून) चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला मनाई करतो, शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत केली तर चालते. चौदा ते अठराला फक्त धोक्याची कामं बंद. तेव्हा पंधरा वर्षांच्या पोराने वाढपी म्हणून काम करणं बेकायदा नाही. पण सोमवारी पहिल्या तासाला तो बाकावर डोकं टेकतो, तेव्हा त्याला उठवावं की झोपू द्यावं हा प्रश्न शिक्षकाला पडतो. मी बहुधा झोपू देत असे.

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली ती वाडी दरडीखाली गेली. वाडीतली काही मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. घर नाही, माणसं नाहीत, अशी ती मुलं पुन्हा वर्गात बसली, पुन्हा परीक्षेला गेली. त्यांच्यासमोर ताण, जबाबदारी आणि मजा यांचा 'समतोल' हा शब्द उच्चारताना माझी तरी जीभ अडखळेल.

म्हणून माझं म्हणणं असं की सगळ्या मुलांना एकच उपदेश करू नये. ज्याच्या डोक्यावर घर आहे त्याच्या डोक्यावरून थोडं उतरवा. ज्याच्या डोक्यावर काहीच नाही त्याला काहीतरी द्या. दिवसाला अर्ध्या तासाचं एक घरकाम, जे खरोखर त्याच्यावाचून अडेल, असं दहावीतसुद्धा असावं. रात्रीची भांडी घासा, दळण आणा, आजोबांच्या गोळ्या द्या. अर्ध्या तासाने टक्के कमी होत नाहीत. (अर्धा तास म्हणजे अर्धा तास हं. मुलीला अर्ध्या तासाच्या नावाखाली अख्खा स्वयंपाक आणि मुलाला नुसता दरवाजा बंद करायचं काम, ही वाटणी मी पुष्कळ घरांत पाहिली आहे.)

आता मजा. या विषयावर शिक्षक बोलायला लागला की मुलं सावध होतात, कारण शेवटी 'पण' येणार हे त्यांना माहीत असतं.

खोपोलीजवळ साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा कार्तिक वद्य एकादशीला सुरू होते आणि पुढे पंधरा-एक दिवस चालते. सुक्या मासळीचा बाजार, पाळणे, खेळणी, भजी. दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र जेमतेम सुरू झालेलं असतं. दहावीच्या मुलांनी जावं की नाही यावर दरवर्षी घराघरांत वाद. तसंच महडच्या वरदविनायकाचं. माघी गणेशजयंतीची गर्दी आणि आमच्या सराव परीक्षा बरोबर एकाच सुमाराला. मी वर्गात सांगत असे, जाऊन या. एक संध्याकाळ जा, पोटभर हिंडा, पाळण्यात बसा, पण तिथे गेल्यावर पाळण्यातच बसा. पुस्तकाची काळजी बरोबर नेऊ नका. यात्रेला न गेलेली मुलं त्या संध्याकाळी अभ्यास करत नाहीत, हे मी पैजेवर सांगतो. ती यात्रेचाच विचार करत बसतात.

सगळ्यात वाईट अवस्था तीच, अर्धी-अर्धी. समोर विज्ञानाचं पुस्तक उघडं आणि पुस्तकाखाली मोबाईल. ना धड अभ्यास, ना धड मजा, आणि दोन तासांनी दोन्हीची चुटपुट. यापेक्षा तासभर मैदानावर घाम गाळून यावं आणि मग तासभर दार लावून बसावं. रंगीत पेनांनी आखलेल्या वेळापत्रकांवर माझा विश्वास नाही. ती पहिल्या तीन दिवसांत भिंतीवर पिवळी पडतात. एका वेळी एकच, एवढं ज्याला जमलं त्याला वेळापत्रक लागत नाही.

मजेचंही आता गुणपत्रकात रूपांतर झालं आहे, हे मला खटकतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा, लोककला, खेळ यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात. हेतू चांगला होता. चित्र काढणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या मुलाचं नुकसान होऊ नये. पण आता पालक विचारतात, "सर, कशात जास्त मार्क मिळतात?" इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर सात गुण, म्हणून नदीचं चित्र काढायचं! मूल ज्या गोष्टीत विसावा घेत होतं तिथेही कोणीतरी मोजपट्टी घेऊन उभं राहिलं. रायगड हा कबड्डीचा जिल्हा. संध्याकाळी मातीत उतरलेल्या पोरांना कुणी गुणांचं आमिष दाखवलेलं नसतं. काही खेळ असे बिनगुणांचे राहू द्यावेत.

चोरून केलेली मजा महागात पडते, हे आमच्याइतकं कुणाला माहीत? भिवपुरी, बेकरे, आषाणे, खोपोलीचा झेनिथ, सगळे धबधबे आमच्याच अंगणात. दर पावसाळ्यात प्रशासन बंदीचा आदेश काढतं, पोलीस उभे राहतात, आणि तरीही दर पावसाळ्यात कुणाचं तरी मूल जातं. मुंबईहून आलेलं असतं तसं गावातलंही असतं. तीच गोष्ट नदीची. पेज नदीला भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणारं पाणी येतं, त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती. पाणी सोडलं की बघता बघता वाढतं. आमच्या पिढीला काकाने किंवा शेजाऱ्याने कंबरेला डबा बांधून पोहायला शिकवलं. कुठे डोह आहे, कुठे भोवरा आहे, कोणत्या महिन्यात उतरायचं नाही, हे त्याच्याबरोबर कळायचं. आताचे पालक म्हणतात, "नदीवर जायचं नाही." झालं! मूल न सांगता जातं, पोहायला न येता जातं, आणि बरोबर मोठं माणूस नसतं. मला विचाराल तर उल्हास आणि पेजच्या काठच्या प्रत्येक शाळेत आठवीच्या आत पोहायला आलंच पाहिजे. संगणकाच्या तासाइतकं ते जरुरीचं आहे. दहीहंडीचंही तसंच. चौदा वर्षांखालच्यांना थरावर चढवायचं नाही, असं २०१७ मध्ये सरकारनेच न्यायालयात मान्य केलं. बंधन योग्यच आहे. पण खाली उभं राहून पाणी मारायला आणि नाचायला बंदी नाही ना?

झोपेबद्दल मात्र मी कुठलीही तडजोड सांगणार नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, असं डॉक्टर सांगतात. शिवाय या वयात शरीराचं घड्याळच उशिरा झोप आणतं, तो निव्वळ आळस नसतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला आणि २०२२ पासून तिथली हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस मुलांच्या झोपेबद्दल बोलले आणि २०२४ च्या सुरुवातीला निर्णय निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगलं झालं. पण ज्यांना झोपेची सगळ्यात जास्त ओढ असते ती आठवी ते दहावीची मुलं त्यातून सुटलीच. त्यांचे 'जादा तास' सात वाजता सुरूच आहेत.

क्लासचं काय बोलू? जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासमध्ये घेऊ नये. आमच्या भागात त्याचा परिणाम झालेला मला तरी दिसला नाही. कर्जतहून कल्याणला, खोपोलीहून पनवेलला मुलं क्लासला जातात. खोपोली-कर्जत मार्गावर गाड्या मोजक्या. एक चुकली की पुढचीची वाट बघत फलाटावर बसा, वडापाव खा आणि गुडघ्यावर वही ठेवून प्रमेय पाठ करा. क्लासचे दोन तास आणि जाण्यायेण्याचे तीन, हा हिशेब आईबाप मांडतच नाहीत. फी भरली की त्यांना अभ्यास झाल्यासारखं वाटतं. त्या पाच तासांतला निम्मा वेळ मुलाला घरी मिळाला असता तर अभ्यास, खेळ आणि झोप तिन्ही झालं असतं.

नेरळला उतारवयात राहून गेलेले कवी नारायण सुर्वे यांचं बालपण गिरणगावात कष्टात गेलं. पुढे ते शाळेत शिपाई झाले, परीक्षा दिली आणि शिक्षक झाले. त्यांचं उदाहरण देऊन मुलांना "बघा, ते कसे शिकले" असं सुनावणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मला ते आवडत नाही. कष्ट करून मोठं झालेल्या माणसाची गोष्ट ऐकताना, तशाच कष्टांत किती मुलं मागे राहिली तेही आठवावं.

शाळांनी करण्यासारखं फार काही अवघड नाही. दहावीचा खेळाचा तास गणिताला देऊ नये. शिक्षकांनी तो मागू नये आणि मुख्याध्यापकांनी दिला तर खेळाच्या शिक्षकाने भांडावं. मैदानाचं फाटक शाळा सुटल्यावर कुलूपबंद करू नये, तास-दीड तास उघडं ठेवावं. वीटभट्टीवरून परतलेल्या मुलासाठी जूनमध्ये पहिले दोन आठवडे वेगळं शिकवावं, त्याला थेट पुढच्या धड्यावर ढकलू नये.

आणि जादा तास लावायचेच असतील तर आधी एसटीचं वेळापत्रक बघावं. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत आहे, मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत मिळतो, पण पास असून गाडीच नसेल तर काय करायचं? तास साडेपाचला सुटला आणि खांडसकडची गाडी पाच वाजताच गेली असेल, तर त्या मुली पुढची गाडी येईपर्यंत डेपोत बसतात. हिवाळ्यात घरी पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो, फाट्यापासून वाडीपर्यंत पुन्हा चालणं आहे, आणि घरी गेल्यावर हंडे आहेतच. एका शाळेत आम्ही दोन वर्षं हट्टाने जादा तास दुपारच्या सुट्टीनंतर, शाळेच्या वेळेतच बसवले. त्यासाठी दोन कार्यक्रमांच्या तालमी आणि एक सत्कार सोडावा लागला. कुणाचं काही अडलं नाही, आणि पाचची गाडी सगळ्यांना मिळायची.